लांब दांडीची गिटार

खाडकन मॉपचा दांडा फरशीवर पडला आणि तेजस्विनीने दचकून झोपलेल्या इराकडे पाहिलं. पोर हलली, पण उठली नाही. कोणती घ्यायची ते ठरवायला दांड्यावर तिने टिकल्या चिकटवून दोन बेस गिटारींची मापं मांडली होती. हिरव्या टिकल्या आखूड गिटारीच्या. काल इंदिरानगरच्या दुकानात इराला मांडीवर घेऊनही ती वाजवता आली होती. लाल टिकल्या लांब दांडीच्या गिटारीच्या. ती घ्यायची म्हणजे बाळंतपणात सुटलेल्या बँडमध्ये परतायचं, रोज संध्याकाळी सरावाला जायचं. तिने दांडा उचलून गिटारीसारखा धरला; बोटं मात्र सारखी लाल टिकल्यांकडेच धावत होती. फोन थरथरला. बँडमधला शौनक होता. “बाईसाहेब, दुकानदार खोळंबलाय. अंगाई वाजवायचीय की कार्यक्रम करायचेत?” “लांब दांडीची सांग,” ती एकदाची कुजबुजली. मागून इवले हात गळ्यात पडले. इराने हिरवी टिकली उचकटून कपाळावर लावली. “आई, लांब घेतलीस तर मग मी कुठे बसू?”