किंचाळीवालीचं टेबल

भयपटांच्या चाहत्यांच्या मेळाव्यात किंचाळीवालीच्या टेबलापुढे दरवर्षी रांग लागायची. लोकांना सहीपेक्षा तिची ती पडद्यावरची किंचाळी हवी असायची. यंदा घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाजच गेला होता. फोटोसाठी ती नुसता आ वासायची. चाहते भ्यायल्याचं सोंग करायचे आणि जाताना हळहळायचे. हा आपला शेवटचा मेळावा, असं तिने सकाळीच धाकट्या बहिणीला कागदावर लिहून दाखवलं होतं.

दुपारी एक बाई नऊ-दहा वर्षांच्या लेकीला घेऊन आली.

"तापात हिचे कान गेले, चार वर्षं झाली," ती म्हणाली. "तुमचा पिक्चर लागला की आम्ही दचकतो, आणि ही मेली खिदळत बसते!"

किंचाळीवालीने आ वासला. श्वाससुद्धा बाहेर सोडला नाही.

मुलीने दोन्ही कान गच्च दाबले. "आई गं, केवढ्यानं!"

"नाटकी कुठली," टेबलामागे बसलेली धाकटी बहीण हसली. "तोंड बघून करतेय."

आई हसली नाही. तिने मुलीला खांद्यांना धरून पाठमोरी उभी केली. "ताई, पुन्हा एकदा. पण लगेच नको."

किंचाळीवाली थोडी थांबली. मग तिने आवाजाविना तोंड उघडलं.

मुलीचे हात झटकन कानांवर गेले.

किंचाळीवालीने तोंड मिटलं. जरा वेळाने तिने नुसते ओठ हलवून मुलीला नाव विचारलं.

मागे वळून न बघता मुलीने ते सांगितलं.