दोन कुलपांची पेटी

हॉस्पिटलचा कारभार सुधारायचा म्हणून मॅनेजरसाहेब आणि कामगार युनियनचे अण्णा दहा वर्षांत पहिल्यांदाच एका टेबलाला बसले. ठरलं काय, तर कर्मचाऱ्यांच्या सूचनांसाठी एक पेटी. पण कुणी मध्येच चिठ्ठ्या गायब केल्या तर? म्हणून तिला दोन कुलपं, एक साहेबांचं, एक अण्णांचं. कुणाचं कुलूप वर आणि कुणाचं खाली, यावर तीन बैठका झाल्या. मग सांगितली तश्शी भक्कम पेटी सुताराने बनवून कॉरिडॉरमध्ये टांगली.

महिन्याभराने सफाईच्या मावशींनी ती काढून टेबलावर आणून ठेवली. दोघांनी आपापली किल्ली फिरवली. आत कागदाचा कपटाही नाही!

"तुम्ही माझ्या माणसांना दम दिलात!" अण्णा कडाडले.

"अहो, तुम्हीच त्यांना गप्प बसवलंत!" साहेबांनी टेबलावर मूठ आपटली.

"भांडताय काय लहान पोरांसारखे?" म्हणत मावशींनी पेटी उलटी केली. बुडाला ड्रेसिंगच्या चिकटपट्टीने डकवलेल्या सतरा चिठ्ठ्या होत्या. सगळ्यांवर सूचना एकच.


"आधी पेटीला चिठ्ठी टाकायला फट पाडा."