सातवं भोक

नीलाने सुई उचलली, गठ्ठा हलवला आणि टेबलावर गळून पडलेली कार्डं तिसऱ्यांदा मोजली. अडतीस. गेल्या महिन्यात त्रेचाळीस होती.

"कुसुमताई, महिन्याभरात कुणी नोकरी सोडली? कुणी वारलं?"

"नाही गं," कापसाचे बोळे वळता वळता नर्स कुसुमताई म्हणाल्या. "तू आधी बस बघू. सकाळपासून फेऱ्या घालतेयस."

नीला बसली नाही. कारखान्याच्या दवाखान्यासाठी ही अकराशे चाळीस कार्डं तिने चार महिने खपून तयार केली होती. एका कामगाराचं एक. कार्डाच्या कडेला भोकांची रांग, एकेक भोक एकेका दुखण्याचं. सातवं रक्तदाबाचं. ज्याला तो आहे, त्याच्या कार्डावर सातव्या भोकाची कड कापून खाच केलेली. गठ्ठ्याच्या सातव्या भोकातून विणायची सुई घालून वर उचलली की खाच असलेली कार्डं गळतात, बाकीची सुईवर लटकून राहतात. गळतील त्यांची यादी टाइप करायची, त्यांना बोलवायचं, महिन्याच्या गोळ्या द्यायच्या. हा आजार बरा होत नाही. आकडा वाढेल, कमी कसा होईल?

तिने मागची यादी काढली आणि न गळलेल्या कार्डांत एकेक नाव शोधलं. पहिलं सापडलं तसं तिने ते खिडकीपाशी उजेडात धरलं. खाच बुजवलेली होती. तेवढ्याच जाडीचा पुठ्ठा, पॉलिश पेपरने घासून बसवलेला, आणि त्यात नवं भोक. बोट फिरवलं तरी सांधा लागत नव्हता. तिने स्वतः पाडलेली भोकंही इतकी गोल नव्हती.

पाचही कार्डं तशीच निघाली. त्यांतले चौघे क्रेनवरचे.

"डब्याच्या सुट्टीत आले होते," कुसुमताई मान वर न करता म्हणाल्या. "मी बघितलं. बोलले नाही."

"का नाही बोललात?"

"तुझ्या यादीची नक्कल ऑफिसात जाते ना?"

"नियम आहे तसा. मी कार्बन घालूनच..."

"त्या नकलेवरून धोंडीबाला क्रेनवरून उतरवलं. गेटवर स्टूल टाकून बसवलंय. ज्यांच्याबरोबर जेवायचा, त्यांच्याच पिशव्या तपासतो आता."

तीनला वीस मिनिटं होती. दुसऱ्या पाळीचे लोक आवारात सायकली लावत होते. नीलाने खिडकीतून त्या चौघांतल्या जयसिंगला हाक मारली. मोशीहून सायकल मारत आलेला, घामाघूम. आत येऊन त्याने टेबलावरचं स्वतःचं कार्ड पाहिलं आणि हसला.

"छान बुजवलंय," नीला म्हणाली.

"आमच्या क्रेनवरच्या भैरूच्या मेव्हण्यानं. टूलरूमला असतो. हात हाय त्याचा."

"गोळ्या घेता का?"

"गोळीला नाव लागतं, बाई. नाव तर आमी बुजवलं."

तिने त्याच्या दंडाला पट्टा बांधून फुगवला. पारा उतरताना दोनशे दहावरच ठोका लागला. तिने पुन्हा फुगवला. दोनशे दहा. खालचा एकशे वीस.

"आज वर चढायचं नाही."

"मग कोन चढंल? भैरू? त्याचा बघा, माझ्याहून जास्त निघंल."

"खाली माणसं असतात. तुमच्या हातात वितळलेलं लोखंड असतं."

"बारा वर्सं हाय. थेंब सांडला न्हाई." तो बाही खाली ओढत उठला. "लिवा तुमी. फोडा ते बुजवलेलं. उद्या मलाबी स्टूल द्या. पर आजची पाळी माझी हाय."

नीला दारात जाऊन उभी राहिली. शेडच्या पत्र्यावर धूर दिसत होता. भट्टी तयार होती. ती परत टेबलाशी आली.

"कुसुमताई, एका दिवसाच्या सुट्टीची चिठ्ठी तुम्ही देऊ शकता?"

"तापाला देते, पोटदुखीला देते. रक्तदाबाला डॉक्टर लागतात. मग कागद, मग नक्कल."

चार महिन्यांत नीलाने एकही खाच अंदाजाने पाडली नव्हती. तिने खाचा पाडायचा चिमटा घेतला, जयसिंगच्या कार्डावर एकोणिसावं भोक शोधलं आणि कड कापली.

"तुमचं पोट दुखतंय," ती म्हणाली.

"कवापासनं?"

"आत्तापासून. रोज इथे यायचं, गोळी माझ्यासमोर घ्यायची. पारा उतरेपर्यंत पोट दुखत राहील."

"इतके दिवस?" कुसुमताईंनी चिठ्ठ्यांचं पुस्तक ओढलं. "ऑफिसवाले विचारतील, बाळंतपण आहे का म्हणून."

जयसिंग हसला नाही. "पोटावरनं क्रेन काढून घेत्यात का?"

"अजून तरी कुणाची घेतली नाही."

त्याने गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायलं. चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली आणि शेडकडे न जाता बाहेरच्या पायरीवर बसून राहिला.

"आता भैरूला थांबवतील," कुसुमताई म्हणाल्या. "सकाळपासून वर आहे. ओव्हरटाइम घे म्हणतील. तो नाहीतर उरलेले दोघे. दुसरं आहे कोण?"

नीलाने भैरूचं कार्ड हातात घेतलं, ठेवलं, पुन्हा घेतलं.

भोंगा झाला. शेडमधून लोक बाहेर पडले आणि आवार भरून गेलं. मग पायरीवर जयसिंगचा आवाज आला, हळू, कुणाला तरी काही सांगणारा. दार ढकलून भैरू आत आला. चेहरा धुरकटलेला, मागे क्रेनवरचे आणखी दोघे.

"पोट दुखतंय, बाई," भैरू म्हणाला, आणि कुणी न सांगता शर्टाची बाही वर गुंडाळू लागला.