सरका की पावणं

लग्न उरकलं आणि हॉलबाहेर आमची पांढरी गाडी पाहून मी मागच्या सीटवर बसलो. दोन्हीकडून दोन धिप्पाड गृहस्थ आत शिरले. "सरका की पावणं!" म्हणत त्यांनी मला मध्ये दाबून टाकलं. आमच्या सुनेच्या माहेरचे असतील, विचारणं बरं दिसेना. गाडी आमच्या शिरोलीऐवजी चंदगडच्या रस्त्याला लागली, तेव्हा कळलं, ही आमची गाडी नव्हेच. "थांबवा" एवढा शब्द मात्र तोंडातून निघेना. जो तो मला दुसऱ्याचा पाहुणा समजून पाण्याची बाटली पुढे करत होता.

बऱ्याच वेळानं बायकोचा फोन आला.



"अहो, आहात कुठं? मी पुढं बसलेली, घरी पोहोचून मागं बघते तर आपल्या गाडीत भलतेच आजोबा! बिचारे वाटेत एक शब्दही बोलले नाहीत."