काळी चार

"पेटीवरची काळी चार सोडू नकोस, तुझा गळा तिथे खुलतो. आणि सांजेची आरती चुकवू नकोस," सासूबाई म्हणाल्या होत्या. मी हो म्हटलं आणि बावीस वर्षं दोन्ही पाळलं.

गळ्याच्या ऑपरेशननंतर त्या पट्टीत माझा आवाज चढेना. अकरा दिवस नुसता दिवा लावून गप्प बसले. बाराव्या दिवशी शेजारच्या ग्रेटाबाई आल्या. त्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात.

"वहिनी, खालून निघा की. आमची निम्मी मंडळी सर्दीनं बसली की मी अख्खं गाणं खाली आणते."

"चाल मोडेल."

"कशी मोडेल?" त्यांनी पेटी ओढली. काळी चारपासून सा ते सा वाजवलं, मग तिच्या खालच्या पांढरी चारपासून. "दोन पूर्ण पावलं, एक अर्धं, तीन पूर्ण, एक अर्धं. कुठूनही निघा, मेजर स्केलची पावलं हीच." मग पहिला, तिसरा, पाचवा सूर एकदम दाबून त्यांनी कॉर्ड धरली. कानाला घरी आल्यासारखं वाटलं.

"पण मी शब्द दिलाय, काळी चारचा."

"सासूबाई स्वतः कुठे गायच्या?"

"पांढरी चारला," मी म्हणाले. तुझा गळा तिथे खुलतो, हे त्यांचं अर्धं वाक्य मी इतक्या वर्षांत कधी आठवलंच नव्हतं.

ग्रेटाबाई गेल्या. मी हातपाय धुतले, दिवा लावला आणि पांढरी चारवर बोट ठेवून भाता हलवला.