बारावी खुर्ची

चर्चमध्ये पवित्र गुरुवारची मिस्सा, येशूच्या शेवटच्या भोजनाची उपासना, सुरू व्हायला थोडाच वेळ उरला होता. वेदीसमोर बारा खुर्च्यांवर बारा पुरुष वहाणा काढून बसले होते. येशूनं बारा शिष्यांचे धुतले, तसे फादर त्यांचे पाय धुणार होते. बाराव्या खुर्चीवर गेल्या वर्षी झकायो होता. माघारी बायको, पाच पोरं आणि केळीची बाग ठेवून तो वारला. आज तिथे त्याचा धाकटा भाऊ बागुमा ऐसपैस बसला होता. चर्चमध्ये झकायोच्या जागी जो बसेल, बाग त्याची, हे डोंगरावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

झकायोची बायको कोबुसिंग्ये पाण्याचा कॅन डोक्यावर घेऊन दारात आली. पाय धुवायचं पाणी खालच्या झऱ्यावरून एकोणीस वर्षं तीच आणत होती. तिनं दारातूनच सांगितलं, की नवऱ्याच्या खुर्चीवर ती बसणार.

धर्मशिक्षक बोनिफास तसा भला माणूस, पण शास्त्राबाहेर पाऊल टाकायला कधी तयार नसे.

"वहिनी, प्रभूच्या पंगतीला बाराही पुरुषच होते. तसं लिहिलंय."

"लिहिलंय ना. आणि त्या दिवशी शिष्यांपुढे पाण्याची घागर घेऊन जो चालला होता, तोही पुरुषच. तेही लिहिलंय."

बोनिफासनं पुस्तक उघडून पानं उलटली, मग फादरांकडे पाहिलं. फादरांनी मान डोलावली. होतं खरं तसं.

कोबुसिंग्येनं कॅन उतरवला आणि सगळं पाणी पायऱ्यांवर ओतून दिलं. रिकामा कॅन तिनं बागुमापुढे आणून ठेवला.

"भावजी, खुर्ची ह्यांची होती, पाणी माझं. वारसा घ्यायचा तर दोन्हीचा घ्या. झरा खाली आहे."

बायकांच्या बाकांवर खसखस पिकली, पण पाणी आणायला एकही उठली नाही. अकरा पुरुष आपापल्या पायांकडे बघत बसले. न जाणो, आपलंच नाव निघायचं. पाण्यावाचून विधी अडला होता. शेवटी फादरांनीच बागुमाला जायला सांगितलं.

तो गेला आणि ती खुर्चीवर बसली. बोनिफास पुढे सरसावला, तेव्हा फादरांनी त्याला हातानं थांबवलं.

बागुमा परतला तो छातीपर्यंत भिजून, धापा टाकत. कॅन निम्माच भरलेला होता. फादर बाराव्या खुर्चीपुढे गुडघे टेकून बसले आणि त्यांनी कोबुसिंग्येचं भेगाळलेलं पाऊल हातात घेतलं. तिला भीती वाटत होती, फार भीती वाटत होती. पण तिनं पाय मागे घेतला नाही. बागुमा कॅन धरून नुसताच उभा होता.

"ओत ना बाबा," फादर मान वर न करता म्हणाले. "पाय किती वेळ धरून ठेवू?"