तिसरा मेमो

"राजाबाई, दारातच थांबा! आत पाऊल टाकू नका," हेडक्लार्क दत्तोपंत ओरडले.

राजाबाई फडकं हातात धरून उंबऱ्यावर उभी राहिली. आत परीक्षा कचेरीचा कॉम्प्युटर चालू होता. चार कपाटांएवढा. प्रिंटर खडखडत डिसेंबरचे निकाल छापत होता.

दत्तोपंतांच्या हातात टाईप केलेला मेमो होता. विषय, 'यंत्र बंद पाडणे'. यंत्र पुसताना बंद पडलं म्हणून राजाबाईला असे दोन मेमो आधीच मिळाले होते. तिसरा मिळाला की नोकरी संपली. हातातला हाच तो तिसरा, त्यावर फक्त तारीख घालायची राहिली होती.

"मी काय ढकलतो व्हय त्येला?" राजाबाई म्हणाली. "नुस्तं फडकं लावतो."

"तुम्ही फडकं लावलं की ते मरतं. आम्ही कुणी लावलं तर नाही मरत."

हे खरं होतं. बाकी कुणी त्याला हातच लावत नव्हतं. दत्तोपंत दर शुक्रवारी नमस्कार करायचे, तोही लांबून.

"येऊ द्या त्यांना आत," प्रोग्राम लिहिणारी विद्युल्लता टेबलावरून म्हणाली. "मला आज चूक पाहिजेच आहे."

"चूक पाहिजे?"

"आधी प्रोसेसर चुकला की सगळं यंत्र धाडकन पडायचं. आता मी कर्नल, म्हणजे यंत्राचा मूळ प्रोग्राम, बदललाय. चूक झाली की तो थांबून बघेल. एकाच पानाचं नुकसान असेल तर तेवढं पान टाकून पुन्हा करेल. फार बिघडलं असेल तर झालेलं काम जपून ठेवून गप बसेल. पण तीन दिवस झाले, हे मेलं चुकतच न्हाय."

"त्यापेक्षा चूक झालीच नाही असं धरून पुढं जावं. मी सांगितलं होतं तसं," दत्तोपंत म्हणाले.

"तसंच केलं की मागच्या आठवड्यात! जांबोटीच्या यल्लाप्पाला कन्नडमध्ये शंभरपैकी चारशे बारा पडले."

"पेढं घिऊन आलता त्यो हितं," राजाबाई म्हणाली. "मी दोन खाल्लं."

दत्तोपंतांनी सहा खाल्ले होते.

"राजाक्का, या. लावा हात," विद्युल्लता म्हणाली.

"नगं बाय. पडलं तर उद्यापास्नं मी काकती गावात घरी बसतो. ह्यो मेमो तयारच हाय."

"चूक तुमची न्हाय गं आक्का. एसीनं हवा कोरडी, अंगावर नायलॉनचं पातळ आणि खाली हा गालिचा. पाय घासले की अंगात वीज साठते. लोखंडाला हात लावला की ठिणगी."

"गालिचा?" दत्तोपंत उसळले. "यंत्राची शान राहावी म्हणून मी स्वतः निवडलाय तो! मिरजेहून! गालिच्यानं कुठं वीज होते? हे बघा!"

ते गालिच्यावरून तरातरा निघाले. टेरिलिनची पँट सळसळत गेली. भिंतीपर्यंत जाऊन परत आले. मग पुन्हा एकदा, जरा पाय आपटत. शेवटी यंत्राच्या लोखंडी कपाटाकडं बोट नेत म्हणाले, "हा मी हात लाव..."

टच्‌!

निळी ठिणगी सगळ्यांनी बघितली. प्रिंटर बंद झाला. राजाबाईनं डोळे मिटून घेतले. दत्तोपंत बोट तसंच वर धरून उभे राहिले. खोलीत फक्त एसीचा आवाज.

मग प्रिंटरनं एक ओळ छापली. थांबला. आणि पुन्हा खडखडायला लागला.

विद्युल्लतानं वाकून इंग्रजीतली ओळ मराठीत वाचली. "अकरा वाजून सात मिनिटं. प्रोसेसरची चूक. एक पान टाकून पुन्हा केलं. काम चालू."

"ग्वाड झालं बघ!" राजाबाईनं डोळे उघडले.

"चूक कुणाच्या नावावर टाकलीय?" दत्तोपंतांनी हळूच विचारलं.

"नावाचा रकानाच ठेवला न्हाय मी. काय झालं, कुठं झालं, किती वाचलं. बास."

"रकानाच नाही?" तीस वर्षांच्या नोकरीत असला कागद दत्तोपंतांनी बघितला नव्हता.

"मग सायब," राजाबाईनं विचारलं, "त्यो तुमच्या हातातला कुणाला द्यायचा?"

दत्तोपंतांनी मेमोकडं बघितलं. मग बोटाकडं. बोट चुरचुरत होतं. त्यांनी मेमो बारीक घडी करून बोटालाच गुंडाळला, आणि गुडघ्यावर बसून गालिच्याचं एक टोक उचललं.

"तसं न्हवं," म्हणत राजाबाई उंबरा ओलांडून आत आली. "पँट वर घ्या आन् त्या कोपऱ्यातनं धरा. मी हितनं गुंडाळतो."

मागं प्रिंटर निकाल छापत होता. सगळ्यांचे मार्क शंभराच्या आत होते.